अर्धा कोयता

दर हिवाळ्यात ज्या यार्डात उसाच्या ट्रॅक्टरांची आणि बैलगाड्यांची रांग लागायची, ते यार्ड त्या वर्षी रिकामं होतं. शिवारात ऊसच नव्हता, त्यामुळे सहकारी साखर कारखान्याचा बॉयलर पेटला नव्हता. यार्डाच्या एका भागात दूध संघाने जनावरांची चारा छावणी उघडली होती. उरलेल्या भागात, जो एरवी हंगाम संपल्यावरच मोकळा मिळे, कारखान्याच्या शाळेतले शहादेव सर मुलींना रग्बी शिकवायचे. रस निवळायला वापरतात तो चुना गोदामात पडून होता, त्याने ते मैदानाच्या रेघा आखत. पडल्यावर कातडी सोलू नये म्हणून मुली गेल्या हंगामातली चिपाडं आणून मधोमध पसरत.

चेंडू अंड्यासारखा लांबट. खाली पडला की कुठे उसळेल सांगता येत नाही, असं सगळे म्हणायचे. मनकर्णाला ते मान्य नव्हतं. माजलगावच्या कॉलेजातून तिचं भौतिकशास्त्रात बी.एस्सी. नुकतंच झालं होतं, आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती जितकी रमली नसेल तितकी या चेंडूत रमली होती. टोकावर पडला तर तो उंच जातो, पोटावर पडला तर आडवा सरपटतो, फिरत आला तर फिरतो त्या बाजूला कलतो. वाळलेल्या काळ्या मातीवर सगळं जास्त जोरात होतं एवढंच. बाकीच्या मुली चेंडूच्या मागे धावायच्या. मनकर्णा तो जिथे येणार असेल तिथे आधीच उभी असायची, आणि एकदा हातात आला की तो सोडायची नाही. एकटी पळत शेवटच्या रेघेपलीकडे जाऊन टेकवायची. याला ट्राय म्हणतात. संघाचे बहुतेक ट्राय तिचेच असत.

“आक्का, तुमाला कसं कळतंय गं, कुटं येणार ते?” एकदा एका मुलीने विचारलं होतं.

“कळतं,” मनकर्णा म्हणाली होती. त्यापुढे तिने कोणाला काही सांगितलं नव्हतं.

संक्रांतीनंतर पुण्याच्या एका क्लबचं बोलावणं आलं. राहायची सोय, सराव, आणि उन्हाळ्याच्या शेवटी निवड. निवड झाली तर राहायचं, नाही झाली तर परत. सरांनी तिला यार्डाच्या काट्यापाशी, जिथे उसाच्या गाड्या वजन करायला थांबतात तिथे, बोलावून घेतलं.

“जा,” ते म्हणाले. “आन जायच्या आदी तुज्या जागी कुनीतरी तयार करून जा.”

“माझ्या जागी?”

“मग? सातजणींचा खेळ हाय. सहाजणी जागा रिकामी सोडून पळतील का?”

मनकर्णाने मान डोलावली. तिला पुण्याची भीती नव्हती. पण परत यावं लागलं तर, हा विचार तिने सरांसमोर बोलून दाखवला नाही. आपली जागा कोणी घेऊ नये असं तिला वाटत होतं, आणि ते वाटणं इतकं स्पष्ट होतं की तिला स्वतःलाच त्याचं नवल वाटलं.

पुढचे काही दिवस तिने एकेकीला आजमावलं. ही पळते पण घाबरते, तिचा हात सैल आहे, तिसरीला चेंडू दिसतच नाही. प्रत्येकीची उणीव ती सरांना नीट, उदाहरणासकट सांगायची. ती खोटं बोलत नव्हती. फक्त सांगताना तिचं मन हलकं होत होतं.

कारखान्याचे संचालक मोहनराव एक दिवस छावणी बघायला आले आणि जीपला टेकून खेळ बघत उभे राहिले. 

“सर, ही पोरगी गेल्यावर तुमचा संघ म्हंजी नुसता पोरखेळ,” ते म्हणाले. “छावणीत रोज नवी जनावरं येयलीत. जागा पुरंना. यार्ड सगळंच छावणीला देऊन टाकावं म्हंतो मी.”

“साहेब, एक रविवार द्या,” सर म्हणाले. “मनकर्णा समोरच्या बाजूनं खेळंल. तिच्याबिगर संघ उभा ऱ्हायला तर यार्ड आमच्याकडं. न्हाई तर तुमी म्हनाल तसं.”

“मनकर्णाच्या समोर?” मोहनराव हसले. “बघू.”

ते हसणं मनकर्णाला दिवसभर पुरलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी सांगितलं, “एक काय मिळंना. एकीला बाहेर बसवू आन आपण कोयता लावू.”

ऊसतोडीच्या टोळीत कोयता म्हणजे नुसतं हत्यार नसतं. बरोबर काम करणाऱ्या दोघांना मिळून एक कोयता म्हणतात. बहुतेक नवरा-बायको असतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. सरांनी छावणीतून दोघींना आणलं होतं. सोजर ठेंगणी, सतत बोलणारी. रुक्मिणी रुंद खांद्यांची, गप्प. दोघी अठराच्या आसपास. सांगलीकडे ऊस लवकर संपला म्हणून त्यांची टोळी वेळेआधीच परतली होती, आणि आता त्या घरच्या म्हशींबरोबर छावणीत राहत होत्या. आईबापांच्या जोड्या आधीच ठरलेल्या, म्हणून मुकादमाने या दोघींचा एक कोयता केला होता. दोन हंगाम त्यांनी तसेच काढले होते.

मनकर्णाला आधी बरंच वाटलं. आपल्या एकटीच्या जागी दोघी लागतात, हे कोणाच्याही ध्यानात यावं असं होतं.

“चेंडू हातात घेऊन पळायचं,” तिने त्यांना नियम सांगितला. “दुसरीला द्यायचा तर मागे द्यायचा, नाही तर बरोबरीने. पुढे दिला की चूक.”

“मागं देऊन पुडं जायचं?” सोजर म्हणाली. “ह्यो काय खेळ हाय का चेष्टा?”

रुक्मिणी हसली नाही. तिने चेंडू घेतला, चार पावलं पळाली आणि सोजरला दिला. पुढे. सरांनी शिट्टी वाजवली. पुन्हा. पुन्हा पुढे. दोघी चांगल्या पळत होत्या, पडायला भीत नव्हत्या, चेंडू दोन्ही हातांनी घट्ट धरत होत्या, आणि प्रत्येक वेळी तो पुढच्या आणि वरच्या दिशेने देत होत्या.

मनकर्णाला कारण लगेच दिसलं. उसाची मोळी डोक्यावर घेऊन बाई फळीवरून ट्रकवर चढते आणि वर उभा असलेल्याच्या हातात देते. देणं म्हणजे पुढे आणि वर. दोन हंगाम त्यांच्या हातांनी तेच केलं होतं. चूक डोक्यात नव्हती, खांद्यात होती. हे दिसल्यावर तिला प्रयोग जमल्याचा आनंद झाला, आणि लगेच तिने ठरवलं की हे सांगायचं नाही.

“मागे गं, मागे,” एवढंच ती म्हणत राहिली. ते तर सर पण म्हणत होतेच.

संध्याकाळी ती छावणीत आईकडे गेली. दगडाबाई दोन बैल आणि एक कालवड घेऊन पत्र्याच्या आडोशाला राहत होती. टँकर येऊन गेला होता. हौदापाशी बादल्यांची रांग होती.

“त्या दोन पोरी लई बेस हायत म्हनं,” दगडाबाई म्हणाली.

“कोण म्हणतं?”

“सगळेच म्हंतेत. पोटभर हसत्यात, पडत्यात, परत उटत्यात. बगायला मज्जा येती.” तिने वैरणीची पेंढी सोडली. “तू खेळतीस तवा बगनाऱ्याचा श्वास अडकतो. हसू येत न्हाई.”

“खेळ हसायला असतो का?”

“मला काय म्हाईत बाई. मी आपलं सांगितलं.”

मनकर्णाचा बाप गेल्यावर दगडाबाई तीन हंगाम एकटीच टोळीबरोबर गेली होती. एकट्या माणसाला टोळीत अर्धा कोयता म्हणतात. तोडायचंही तिनेच, बांधायचंही तिनेच, आणि फळीवर चढायचंही तिनेच. लहान मनकर्णा बांधावर धाकट्या भावाला घेऊन बसायची आणि बघायची. जोड्या आपलं काम संपवून पाचटाच्या कोपीवर परतायच्या, आणि आई फडात एकटी उरायची. आपली आई बाकीच्यांपेक्षा हळू नाही, हे मनकर्णाला तेव्हाही कळत होतं. तिच्यासाठी मागे कोणी नव्हतं, एवढंच.

“आई, मी परत आले तर?” तिने विचारलं.

“कुटून?”

“पुण्याहून. निवड नाही झाली तर.”

“येशील की. घर कुटं पळतंय?”

घराबद्दल तिने विचारलं नव्हतं. तिने बादली उचलली आणि हौदाच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

रविवार जवळ आला तरी दोघींचा चेंडू पुढेच जात होता. सरांचा आवाज बसला होता. तरी मनकर्णाचं मन शांत नव्हतं, कारण बाकी सगळं बदलत चाललं होतं. दोघी आल्यापासून इतर मुली एकमेकींना हाका मारू लागल्या होत्या. पूर्वी मैदानावर एकच नाव ऐकू यायचं, “आक्का, आक्का.” चेंडू सापडला की तो तिच्याकडे आणून द्यायचा, एवढंच त्यांचं काम असायचं. आता कोणी पडली की सोजर तिच्या अंगावरून उडी मारून चेंडू उचलायची आणि ओरडायची, “उट गं म्हशी, टँकर आला.” मुली हसत उठायच्या आणि पळायच्या. सरही हसायचे. तीन वर्षांत सरांना मनकर्णाने असं हसताना पाहिलं नव्हतं. ते तिच्याशी नेहमी गंभीरपणे बोलायचे, जपून, महागाच्या वस्तूला हात लावावा तसे. आजवर तिला तो मान वाटत आला होता.

शुक्रवारी ती पाणी प्यायला काट्याच्या खोलीमागे गेली तेव्हा भिंतीपलीकडे दोघी चिपाडांच्या ढिगावर बसल्या होत्या.

“आक्का कावून अशी बघती गं आपल्याकडं?” हा रुक्मिणीचा आवाज. ती बोलते हेच मनकर्णाला नवीन होतं.

“कशी?”

“वजन करताना काटेवाला बघतो तशी.”

सोजर खिदळली. “आगं, तिला काय कळणार जोडीचं. ती अर्धा कोयता हाय.”

सोजरच्या बोलण्यात विष नव्हतं. टोळीतला साधा शब्द होता, जसा तो सगळ्यांसाठी असतो तसा. मनकर्णा हातात तांब्या घेऊन उभी राहिली. जिच्या जागी दोघी लागतात ती, एवढे दिवस तिने स्वतःला असं मोजलं होतं. यांच्या हिशेबात दोघी मिळून एक होत होत्या, आणि ती अर्धी.

ती सरळ मैदानावर गेली. शिट्टी झाली, खेळ सुरू झाला. रुक्मिणी चेंडू घेऊन आली, मनकर्णा समोर आडवी झाली, आणि रुक्मिणीने चेंडू पुन्हा पुढे, सोजरच्या हातात दिला. सगळं थांबलं. सोजर जीभ चावून हसली.

“हसतेस काय?” मनकर्णा म्हणाली. तिचा आवाज वाढला नव्हता, पण सगळ्या वळून बघू लागल्या. तिची पुस्तकी भाषा कुठेतरी गळून पडली. “दोन साल कोयता घेऊन काय केलं गं तुमी? तोडनारीनं ऊस तोडून पुडं टाकला आन बांदनारी मागं बसली, तर मुकादम काय म्हनंल? पायताण हानंल का न्हाई? मागं टाकत न्हाईत का त्यो? का तितं बी असाच धिंगाना घातला?”

सोजरचं तोंड उतरलं. मनकर्णाला जे हवं होतं ते क्षणभर मिळालं.

मग रुक्मिणीने चेंडूकडे पाहिलं. तिने तो एका हाताने, उसाचं कांडकं धरावं तसा धरला, शरीर न वळवता कमरेजवळून मागे सोडला. सोजर तिथे नव्हती. चेंडू चिपाडात पडला.

“मी तोडनारी,” रुक्मिणी म्हणाली. “तू मागं ऱ्हा. फडात ऱ्हातीस तशी.”

“आन तू अडलीस की?”

“तोड म्हन. मी टाकते.”

त्यांनी परत केलं. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा रुक्मिणी पळाली, मागून सोजर ओरडली, “तोड,” आणि चेंडू मागे आला. असा आला की जणू त्याला दुसरा रस्ताच माहीत नव्हता. सर शिट्टी तोंडात धरून उभे राहिले, ती वाजवायची राहून गेली. मग ते मनकर्णाकडे वळले.

“ह्ये मला इतक्या दिसांत सुचलं न्हाई बघ,” ते म्हणाले. “शाबास.”

त्या शाबासकीला नको म्हणायची सोय नव्हती. मनकर्णाने बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.

रविवारी मोहनराव खुर्ची टाकून बसले. छावणीतली माणसं रेघेबाहेर जमली, दगडाबाईही. मनकर्णाच्या बाजूला गेल्या वर्षीच्या संघातल्या चांगल्या मुली दिल्या होत्या. समोर सोजर, रुक्मिणी आणि बाकीच्या. सुरुवातीलाच मनकर्णाने हवेतला चेंडू जिथे उसळणार तिथे जाऊन घेतला आणि तिघींना चुकवून ट्राय केला. मोहनरावांनी टाळ्या वाजवल्या. लगेच तिने दुसराही केला. आपण यांचं यार्ड घालवतो आहोत हे तिला माहीत होतं. पाय थांबत नव्हते.

मग रुक्मिणी आली. मनकर्णाने तिचा वेग पाहिला, कोन पाहिला, आणि अगदी बरोबर जागी, कमरेखाली, तिला धरलं. याहून चांगलं टॅकल तिने कधी केलं नव्हतं. पडता पडता कानापाशी हाक आली, “तोड.” ती रुक्मिणीसह चिपाडात आदळली तेव्हा चेंडू रुक्मिणीपाशी नव्हता. सोजर रेघेपलीकडे पोचली होती.

पुढच्या वेळी तिने रुक्मिणीला सोडून सोजरला धरायचं ठरवलं. हाक आलीच नाही, आणि रुक्मिणी सरळ निघून गेली. त्यापुढच्या वेळी ती दोघींच्या मधे उभी राहिली, आणि कुठेच नसल्यासारखी झाली. एक माणूस एका वेळी एकालाच धरू शकतो. कागदावर हे कोणालाही सिद्ध करता आलं असतं. आता बाकीच्या मुलीही “तोड” ओरडू लागल्या होत्या. रेघेबाहेर लोक हसत होते. दगडाबाई पदर तोंडाला लावून हसत होती.

मनकर्णाने आणखी एक ट्राय केला, तोही एकटीने. सामना समोरच्यांनी जिंकला.

मोहनराव उठले. “सर, ठेवा यार्ड,” ते म्हणाले, आणि जीपकडे जाता जाता मनकर्णाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “चांगलं शिकवलंस पोरी. तुज्याबिगर बी चालतंय की.” त्यांना ते कौतुकच वाटत होतं.

संघाकडे जर्सींचा एकच संच होता, आणि त्यातला नऊ नंबर तिचा होता. ती जर्सी धुऊन, घडी करून तिने पुण्याच्या पिशवीत तळाशी ठेवली होती. कोणी मागितली असती तर सापडत नाही म्हणणार होती. कोणीच मागितली नाही. शेवटी तिनेच पिशवी उपसली, आणि सोजर हौदापाशी दिसली तेव्हा तिच्यापुढे धरली.

“नऊ नंबर. आता तुमचा.”

सोजरने हात पदराला पुसले, जर्सी उलगडली, पाठीवरचा आकडा पाहिला आणि पुन्हा घडी घातली. घडी मनकर्णाच्या घडीपेक्षा नीट होती.

“ऱ्हाऊ द्या आक्का,” ती म्हणाली. “आमी दोगी. एकीनं घातलं तर दुसरीनं काय करावं? सर म्हनले, आमाला नवे आकडे लिवू. तुमाला लागंल तितं थंडीत.”

ती बादली घेऊन निघाली. वाटेत रुक्मिणीने न बोलता बादलीच्या कडीला दुसऱ्या बाजूने हात लावला.

सर मैदानावर झेंडे गोळा करत होते. मनकर्णा त्यांच्याजवळ गेली. विचारायचं ते तिने एकदाचं विचारलं.

“सर, निवड नाही झाली आणि मी परत आले, तर माझी जागा?”

सरांनी झेंड्याची काठी मातीतून उपटली. त्यांनी तिला बरं वाटावं म्हणून घाईने काही सांगितलं नाही.

“जागा हाय की. ये,” ते म्हणाले. “पर एकटीची न्हाई आता. तुज्या मागं कोन पळंल ते तुलाच बघावं लागंल.”

ते झेंडे खांद्यावर टाकून गेले. चुन्याच्या रेघा पायांनी पुसल्या होत्या. चेंडू चिपाडात राहिला होता. मनकर्णाने तो उचलला, चार पावलं पळाली, आणि शरीर न वळवता कमरेजवळून मागे सोडला. तीन वर्षांत पहिल्यांदाच. चेंडू फिरत गेला, टोकावर पडला, उंच उसळला, डावीकडे कलला. तो नेमका कुठे येणार हे तिला वळून न बघताही माहीत होतं. तिथे कोणी नव्हतं.

छावणीच्या दोरीपाशी एका रेडकाने तो हुंगून पाहिला.

“मने,” पलीकडून दगडाबाईची हाक आली, “येताना चेंडू घेऊन ये गं. पोरी उद्याच्याला मागतील.”